पद्मिनीतला पेट्रोलचा वास

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ साली फियाट ११०० डी, म्हणजे 'डिलाइट', निघू लागली. तीच पुढे पद्मिनी झाली. आमच्या बेळगावात काही घरांत ती अजून चालू आहे, आणि मालकांची तक्रार एकच: "गाडीत पेट्रोलचा वास येतो हो!"

मी त्या वासाकडे कागदपत्रासारखं बघतो. टाकी मागे, इंजिन पुढे. मधे धातूची नळी आणि जोडांना रबरी पाइप. ते रबर शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातलं. २००० साली शिसं गेलं, २००३ मध्ये कर्नाटकासह नऊ राज्यांत ५ टक्के इथेनॉल आलं, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूत २० टक्केवालं पेट्रोल सुरू झालं. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, तडकतं. मग क्लिप कितीही आवळा, ती रबरात रुतते, गळती राहतेच. इथेनॉल सोसणारा नवा पाइपच घालावा. पंपाचा डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल बाहेर न दिसता ऑइलमध्येही उतरतं. डिपस्टिकवर पातळी चढलेली दिसली, ऑइलला वास आला, तर गाडी सुरूच करू नका.

टाकीच्या बारीक छिद्राला साबण चोळायची जुन्या मेस्त्रींची युक्ती गॅरेज गाठण्यापुरतीच. काम उघड्यावर करायचं, इंजिन गार असताना, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढून. विडी-सिगारेट लांब. टाकीला डाग द्यायचा तर ती नुसती रिकामी करून भागत नाही. आत उरलेली वाफच भडकते. ती पूर्ण काढून घेणाऱ्या कारागिराकडेच टाकी द्यावी.