घरातील ज्येष्ठांसाठी मदत : कोठे, कशी आणि कधी

आपल्या समाजातील अनेक घरांत आज चित्र असे आहे : मुलगा पुण्यात किंवा बंगळुरूला, मुलगी परदेशात आणि इंदूरच्या घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील. दोघांपैकी एकाचे आजारपण आले की दुसऱ्याने धावपळ करायची, आणि त्याचेही वय तेवढेच. जेथे मुले जवळ आहेत तेथे बहुतेक भार सूनबाईंवर किंवा अविवाहित मुलीवर येतो.

मदतीची साधने नाहीत असे नाही. सरकारी योजना आहेत, कायदा आहे, बँकेच्या सोयी आहेत, फोनवरची मदत आहे. अडचण वेळेची होते. यातील बहुतेक सोयींसाठी ज्येष्ठ व्यक्तीची स्वतःची सही, अंगठा किंवा तोंडी संमती लागते. पक्षाघाताचा झटका आल्यावर किंवा स्मरणशक्ती गेल्यावर घरचे लोक बँकेत येतात. तेव्हा खात्यात पैसे असतात, पण ते काढण्याचा अधिकार कोणाकडेच नसतो. नोकरीत असताना काउंटरच्या आतून हे अनेकदा पाहिले. म्हणून येथे माहिती देताना कोणते काम आधीच करून ठेवावे, हेही सांगितले आहे.

पहिला फोन : १४५६७

केंद्र सरकारची ज्येष्ठ नागरिकांसाठीची ‘एल्डरलाइन’ १४५६७ या क्रमांकावर सकाळी ८ ते रात्री ८ पर्यंत चालते. फोन विनामूल्य आहे. निवृत्तिवेतन, वृद्धाश्रमाची माहिती, घरातील छळ, कायद्याचा सल्ला, एकटेपणा यांपैकी कशाहीसाठी फोन करता येतो. ज्येष्ठाने स्वतः करावा असे नाही. शेजारी किंवा परगावचा मुलगाही करू शकतो. ‘हेल्पएज इंडिया’ ही १९७८ पासून ज्येष्ठांसाठी काम करणारी संस्था आहे. तिचा विनामूल्य क्रमांक १८००-१८०-१२५३.

योजना राहत्या राज्याची

महाराष्ट्रातील नातेवाईक मोबाइलवर तिकडच्या योजनांचे संदेश पाठवतात आणि आपल्याकडील मंडळी कागद गोळा करू लागतात. महाराष्ट्राची मुख्यमंत्री वयोश्री योजना किंवा तेथील एसटीमध्ये ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास या सवलती महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी आहेत. मातृभाषा मराठी असल्याने त्या आपल्याला लागू होत नाहीत. आपण मध्य प्रदेशचे रहिवासी, तेव्हा आपला मार्ग येथील कचेरीतून जातो.

येथील राज्य योजनांसाठी समग्र आयडी लागतो. कुटुंबाचा ८ अंकी आणि प्रत्येक सदस्याचा ९ अंकी असे दोन क्रमांक असतात. अनेक जुन्या घरांत आजी-आजोबांचे नाव समग्रमध्ये नसते, किंवा जन्मतारीख आधारपेक्षा वेगळी असते. नगर निगमच्या झोन कार्यालयात किंवा एमपी ऑनलाइन केंद्रावर ते आताच तपासून घ्यावे. कचेरीत काम अडले तर सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार नोंदवता येते. मंगळवारी कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई असते, तेथे लेखी अर्ज द्यावा.

बँक : सही चालते तोवर

संयुक्त खाते आहे म्हणून आपण निश्चिंत असतो. पण पासबुकावर काय लिहिले आहे ते पाहावे. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकतो. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर पहिले नाव असलेली व्यक्ती हयात असेपर्यंत दुसऱ्याला काहीच करता येत नाही. पहिली व्यक्ती अंथरुणाला खिळलेली असेल तरीही नाही. हा बदल पाच मिनिटांत होतो, मात्र त्यासाठी दोघांच्या सह्या लागतात.

नॉमिनीबद्दलही गैरसमज आहे. नॉमिनीला अधिकार मिळतो तो खातेदाराच्या निधनानंतर. आजारपणात त्याचा काही उपयोग नाही. शिवाय नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा विश्वस्त असतो; तो मालक होतोच असे नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींवर चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाचा हिस्साही ठरवता येतो. जुन्या ठेवींवर नॉमिनी म्हणून दिवंगत व्यक्तीचे नाव राहिले असल्यास ते बदलून घ्यावे.

मुदत ठेव संयुक्त असेल आणि एकाच्या पश्चात दुसऱ्याला ती मुदतीपूर्वी मोडण्याची मुभा हवी असेल, तर तसे दोघांच्या सहीचे पत्र बँकेला आधीच द्यावे.

खातेदार सही करू शकत नसेल, पण शुद्धीवर असेल आणि बोलणे समजत असेल, तर मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार चेकवर किंवा पैसे काढण्याच्या स्लिपवर हाताच्या अथवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तो ओळखावा लागतो आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही उमटवता येत नसेल तर साधी खूण चालते. साक्षीदारांची अट तीच. पैसे घेण्यासाठी कोण येणार हे खातेदाराने सांगायचे असते. शाखेत ‘असे होत नाही’ म्हटले गेले तर शाखा व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

७० वर्षांवरील, तसेच दीर्घ आजारी व दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, अशी रिझर्व्ह बँकेची २०१७ ची सूचना आहे. रोख रक्कम घरी आणून देणे किंवा घरून नेणे, केवायसीचे कागद व हयातीचा दाखला स्वीकारणे ही कामे त्यात येतात. शुल्क बँकेनुसार वेगवेगळे असते.

दहा वर्षे व्यवहार न झालेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात. त्या बुडत नाहीत, वारसांना मागता येतात. जुन्या ठेवीचा पत्ता लागत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर शोध घेता येतो.

मुखत्यारपत्राची मर्यादा

‘वडिलांनी मला मुखत्यारपत्र दिले आहे’ असे सांगणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. भारतीय करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की तो अधिकारही संपतो. म्हणजे ज्या दिवशी त्याची सर्वांत जास्त गरज पडते त्याच दिवशी ते निरुपयोगी होते. त्यानंतर पालकत्वासाठी न्यायालयात जावे लागते, आणि ते काम खर्चाचे व वेळखाऊ असते.

म्हणून विसरभोळेपणा वाढू लागला की ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, नेहमीचा रस्ता चुकणे, पैशाचा हिशेब न जमणे ही लक्षणे डॉक्टरांना दाखवावीत. काही कारणांवर उपचार होतात, आणि निदान लवकर झाले तर कागदपत्रांना वेळ मिळतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था १९९२ पासून काम करते.

मृत्युपत्रही याच काळात करावे. त्याला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, पण दोन साक्षीदार हवेत. ज्यांना मालमत्ता मिळणार आहे ते साक्षीदार नसावेत. सोबत त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र ठेवल्यास पुढचे वाद टळतात.

हयातीचा दाखला

निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरमध्ये बँकेत जाणे आता आवश्यक नाही. आधारशी जोडलेल्या ‘जीवन प्रमाण’ ॲपवर चेहरा दाखवून घरबसल्या दाखला देता येतो. बोटांचे ठसे पुसट झालेल्यांना याचा फार उपयोग होतो. ते जमत नसेल तर टपाल कार्यालयात सांगितल्यास पोस्टमन घरी येऊन अल्प शुल्कात दाखला करून देतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच तो देता येतो. भविष्य निर्वाह निधीचे (ईपीएस) निवृत्तिवेतन असणाऱ्यांना वर्षात केव्हाही. तो दिल्यापासून एक वर्ष चालतो.

दवाखान्याचा खर्च

आधारप्रमाणे ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर रक्कम दोघांत मिळून धरली जाते. जुन्या आजारांसाठी थांबावे लागत नाही. खासगी विमा असला तरी कार्ड काढता येते. केंद्र सरकारच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएसचे लाभार्थी असल्यास दोहोंपैकी एक निवडावे लागते. योजनेतील रुग्णालय परराज्यात असले तरी कार्ड चालते, त्यामुळे मुलाकडे पुण्याला गेलेल्यांनी ते सोबत ठेवावे.

मर्यादाही माहीत हवी. हे कार्ड रुग्णालयात भरती होण्यासाठी आहे. बाह्यरुग्ण तपासणी आणि दरमहाची औषधे त्यात येत नाहीत. औषधांसाठी जनऔषधी केंद्रात डॉक्टरांच्या सल्ल्याने चौकशी करावी. कार्ड ‘आयुष्मान’ ॲपवर किंवा योजनेतील रुग्णालयात निघते. चौकशीसाठी क्रमांक १४५५५. भरती होण्याच्या दिवशी आधारशी जोडलेला मोबाइल सापडत नाही आणि ओटीपी येत नाही. म्हणून कार्ड आधीच काढून ठेवावे.

काठी, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, कवळी यांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील किंवा मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असलेल्या ज्येष्ठांना ही साधने मोफत मिळतात. आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींच्या वृद्ध आईवडिलांनाही हे सांगावे.

घरातूनच दुर्लक्ष झाले तर

हा विषय आपल्याकडे कोणी मोठ्याने बोलत नाही. २००७ च्या कायद्यानुसार स्वतःचा निर्वाह करू न शकणारे आई-वडील मुलांकडे निर्वाह मागू शकतात. मूलबाळ नसलेले ज्येष्ठ, त्यांची मालमत्ता ज्यांच्याकडे आहे किंवा पुढे जाणार आहे अशा नातेवाइकांकडे मागू शकतात. अर्ज एसडीएम यांच्या न्यायाधिकरणाकडे साध्या कागदावर करता येतो, दुसऱ्याकडून किंवा संस्थेमार्फतही. कायद्यात कमाल निर्वाह दरमहा १०,००० रुपये असून निकालासाठी साधारण ९० दिवसांची मुदत घातली आहे.

घर मुलाच्या नावे करण्यापूर्वी कलम २३ समजून घ्यावे. ‘आमची देखभाल करावी’ या अटीवर दिलेली मालमत्ता, देखभाल न झाल्यास परत मिळू शकते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका आईच्या प्रकरणात दानपत्र रद्द करून घराचा ताबा तिला परत देण्याचा आदेश दिला. तेथे देखभालीची हमी लेखी होती. तेव्हा दानपत्र करायचेच असेल तर ही अट त्यात स्पष्ट लिहावी. मुलावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते, पण चांगल्या मुलाला या ओळीची अडचण होत नाही.

सांभाळणाऱ्यांसाठी

रात्रंदिवस सेवा करणाऱ्या माणसाचीही पाठ दुखते, झोप तुटते, चिडचिड होते. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. ‘टेली मानस’च्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते. परगावच्या भावंडांनी नुसते पैसे पाठवू नयेत. वर्षातून काही दिवस येऊन प्रत्यक्ष जबाबदारी घ्यावी. औषधे मागवणे, विम्याचे कागद, बिले भरणे ही कामे तर दूर राहूनही करता येतात.

घरी सेविका ठेवताना तिचे ओळखपत्र व पोलीस पडताळणी पाहावी. कामाचे तास, सुटी आणि बदली कोण येणार हे कागदावर लिहून घ्यावे. मंडळाच्या सभासदांनी आपल्या कॉलनीतील अशा एखाद्या घरी आठवड्यातून दोन तास बसावे, म्हणजे त्या घरच्या बाईला बाजारात किंवा देवळात जाता येईल. याला कोणत्याही योजनेची गरज नाही.

फोनवरची फसवणूक

पोलीस किंवा सीबीआयच्या नावाने व्हिडिओ कॉल करून ‘डिजिटल अटक’ केल्याची बतावणी होते. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. बँक कधीही ओटीपी मागत नाही. पैसे गेलेच तर १९३० वर ताबडतोब फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.

एक फाईल

पुढील कागद एका फाईलमध्ये ठेवून ती कोठे आहे हे घरातील दोघांना सांगावे :

- आधार, पॅन, समग्र आयडी, आयुष्मान कार्ड यांच्या प्रती
- बँक खाती, ठेवी, लॉकर, नॉमिनी यांची यादी (पिन किंवा पासवर्ड लिहू नये)
- निवृत्तिवेतनाचा पीपीओ क्रमांक
- विमा पॉलिसी, घराचे कागद, मृत्युपत्र कोठे आहे याची नोंद
- चालू औषधे, रक्तगट, ॲलर्जी, डॉक्टरांचे नाव
- फोन : आपत्कालीन ११२, रुग्णवाहिका १०८, एल्डरलाइन १४५६७, टेली मानस १४४१६, आयुष्मान १४५५५, सायबर फसवणूक १९३०

ही फाईल आई-वडिलांच्या पाठीमागे करू नये. त्यांना शेजारी बसवून, विचारून करावी. पैसा त्यांचा आहे आणि निर्णयही त्यांचाच आहे. दिवाळीत मुले घरी येतात तेव्हा एक दुपार यासाठी पुरते.