डब्यातला अनोळखी माणूस

मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट आमच्या घरात रेल्वेच्या डब्यापासून सुरू व्हायची. आजोबा मूळचे नगरकडचे, मिशनच्या शाळेत शिकलेले. नोकरीसाठी मुंबईला आले आणि घाटकोपरच्या चाळीत राहिले. रात्री जेवणं उरकली की ते सांगायला बसत. 1893च्या सुमाराला टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ होता. त्याने सरकून जागा दिली, बोलणं काव्यावर गेलं, मग धर्मावर. उतरण्याआधी त्याने नवा करार हातात ठेवला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं म्हणाला. टिळकांना ते काही पटलं नाही, पण पुस्तक वाचीन असा शब्द त्यांनी दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर मात्र त्यांच्याने ते खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थाचं नाव त्यांना कधीच कळलं नाही.

आजी गोष्ट तिथे संपू द्यायची नाही. “अन् लक्ष्मीबाईंचं काय झालं ते सांगा की,” म्हणायची. पतीच्या धर्मांतराने त्या बाईचा संसार मोडला, कित्येक वर्षं ताटातूट झाली. पुढे नवऱ्याकडे राहायला आल्या, तरी सोवळं काही सुटलं नव्हतं. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसांनी केला, हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगलं तेव्हाच त्या हलल्या. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालचा. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ आजीने इतक्यांदा वाचलं होतं की पुस्तकाची शिवण उसवली होती. मला वाटतं, सुवार्तेचा खरा कस टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंच्या गोष्टीत लागतो. पाच वर्षं त्यांनी नाही म्हटलं, आणि ते नाही खरं होतं, म्हणूनच नंतरचं हो खरं ठरलं.

आजोबा रविवारी उपासना झाली की कापडी पिशवीत लूककृत शुभवर्तमानाच्या पातळ पुस्तिका घेऊन घाटकोपर स्टेशनबाहेर उभे राहत. किंमत अगदी थोडी, पण फुकट देत नसत. पैसे मोजून घेतलेलं माणूस वाचतो, असं त्यांचं मत. सोबत झांज. टिळकांचे अभंग म्हणायचे, चार माणसं थांबली तर साक्ष द्यायची, नाही थांबली तर पुढचा अभंग. मिशनरी मंडळींनी मराठी ख्रिस्ती माणसाला पुष्कळ दिलं; पण अभंग आणि कीर्तन आपल्याच मातीतलं होतं, आणि रस्त्यावरच्या माणसाचे पाय त्यालाच थांबत. जुन्नरकडचे एक वारकरी हमाल नेमाने येऊन बसत. आजोबांचा ठेका चुकला की मांडीवर थाप देऊन सांगत. दर आषाढीला पंढरपूरला जात, शेवटपर्यंत गेले. ते आपल्या मंडळीत आले नाहीत याची खंत आजोबांच्या तोंडून कुणीच ऐकली नाही. आजोबांच्या मयतीला मात्र त्यांनीच टाळ धरला होता.

एकदा कुणीतरी पुस्तिका हिसकावून टराटरा फाडली. आजोबांनी तुकडे वेचले, पिशवीत घातले आणि राहिलेला अभंग पुरा केला. घरी आल्यावर आजीने विचारलं, राग नाही आला? म्हणाले, आला तर. पण त्याला नको म्हणायचा हक्क आहे, फाडायचा नाही, एवढंच मी त्याला बोललो.

त्यांनी मला एकदा बोरिवलीला मंडपेश्वरच्या लेण्यांत नेलं. शैव लेणी, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या राज्यात फ्रान्सिस्कन साधूंनी त्यांचं चर्च केलं. कातळात कोरलेला क्रूस आजही दिसतो, बाजूला नटराज आहे. वर मठाचे पडके अवशेष आहेत. आजोबा बराच वेळ त्या क्रुसासमोर उभे होते. मग म्हणाले, “इथं ऐकणाऱ्याला उठून जाता येत नव्हतं.” साष्टीतल्या गावठाणांतल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या कॅथलिक, मंडळींनी पुढे तोच विश्वास आपला केला, प्लेगच्या साथीत वेशीवेशीवर क्रूस उभारले, मे महिन्यात तिथे जमून आजही प्रार्थना म्हणतात. त्या श्रद्धेबद्दल आजोबांना आदरच होता. पण सत्तेच्या बळावर देवाचं घर बदलणं त्यांना कधी मान्य झालं नाही, आणि मलाही होत नाही. त्याच मुंबईत 1813 साली अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आला, मराठी शिकला, बाजारात उभा राहून बोलू लागला. 1826 मध्ये नाशिकहून परतताना वाटेत पटकीने गेला. त्याच्यामागे तलवार नव्हती. लोक ऐकत, हुज्जत घालत आणि निघून जात.

संविधानाच्या 25व्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. त्याच वाक्यात त्याच्या आधी प्रत्येकाच्या सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य येतं. आमच्या मंडळीतली तरुण मुलं आता अंधेरीच्या, मुलुंडच्या पुलांवर पत्रिका घेऊन उभी राहतात तेव्हा त्यांना माझं एवढंच मागणं आहे: आधी बाकावर सरकून जागा द्या, समोरच्याचं बोलणं पुरतं ऐका, आणि तो नको म्हणाला तर त्याच्या मागे जाऊ नका.