पडणारे अणू सांगतील जमिनीखालचं पाणी: उपग्रहांवरील थंड-अणू क्वांटम सेन्सर

विहीर आटली की डोळ्यांना दिसतं. पण एका अख्ख्या राज्याच्या जमिनीखालून किती पाणी गेलं, हे कसं कळणार? पाण्याला वजन असतं. जिथे वजन जास्त, तिथे पृथ्वीची ओढ, म्हणजे गुरुत्वाकर्षण, किंचित जास्त. पाणी उपसलं की ही ओढही किंचित घटते. हा बारीकसा फरक अवकाशातून मोजण्यासाठी शास्त्रज्ञ आता थंड केलेल्या अणूंची मदत घेत आहेत. हा विषय काय आहे, ते सोप्या भाषेत पाहू.

सुरुवात 'ग्रेस'पासून

नासा आणि जर्मनीच्या अवकाश संस्थेने मार्च २००२ मध्ये 'ग्रेस' नावाचे दोन जुळे उपग्रह सोडले. एकामागे एक, सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून ते फिरत. वजनदार भाग आला की पुढचा उपग्रह आधी ओढला जाई आणि दोघांमधलं अंतर वाढे. मग मागच्यावर तीच ओढ येई. अंतरातला हा बदल केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी असला, तरी तो मोजला जाई.

याच मोजणीतून २००९ साली आपल्या देशाबद्दल धक्कादायक आकडा समोर आला. ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्ली या पट्ट्यातून सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल कमी झालं होतं. एक घन किलोमीटर म्हणजे एक लाख कोटी लिटर. आता गुणाकार तुम्हीच करा! ग्रेसचं काम २०१७ मध्ये संपलं आणि मे २०१८ पासून 'ग्रेस फॉलो-ऑन' ही जोडी ते पुढे चालवत आहे.

मग नवीन सेन्सर कशाला?

इतक्या उंचीवरही थोडी हवा असते. ती उपग्रहाला मागे खेचते. हा धक्का वेगळा काढला नाही तर हिशेब चुकतो. त्यासाठी उपग्रहात प्रवेगमापक बसवतात. पण या यंत्राचं माप दिवसांमागून दिवस हळूहळू सरकत जातं, जसं जुनं घड्याळ थोडं थोडं मागे पडतं. ग्रेस फॉलो-ऑनच्या एका उपग्रहातलं असं यंत्र सोडल्यानंतर लवकरच नीट चालेना. तेव्हा दुसऱ्या उपग्रहाच्या नोंदींवरून त्याची उणीव भरून काढावी लागली.

अणूंचं तसं नाही. रुबिडियमचा प्रत्येक अणू दुसऱ्यासारखाच असतो. तो झिजत नाही, जुना होत नाही. म्हणून अणूच मापाचा दगड म्हणून वापरायचा, ही मूळ कल्पना.

अणू थंड कसे करतात?

खोलीच्या तापमानाला रुबिडियमचे अणू सेकंदाला साधारण ३०० मीटर वेगाने धावतात. इतक्या धावपळीत मोजमाप कसं करणार? म्हणून निर्वात डबीत त्यांच्यावर सगळीकडून लेझरचा प्रकाश टाकतात. प्रकाशाचा रंग असा निवडतात की समोरून येणाऱ्या अणूलाच त्याचा धक्का जास्त बसावा. त्यामुळे अणू मंदावतात. मंद अणू म्हणजेच थंड अणू. तापमान शून्याखाली २७३.१५ अंश सेल्सिअस या शेवटच्या सीमेच्या अगदी जवळ जातं. या शोधासाठी स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानुजी आणि विल्यम फिलिप्स यांना १९९७ चं नोबेल मिळालं.

इतका थंड अणू लाटेसारखा वागतो. लेझरचा पहिला झोत ही लाट दोन वाटांना विभागतो, दुसरा त्या वाटा एकमेकींकडे वळवतो, तिसरा त्यांना पुन्हा एकत्र आणतो. दोन्ही लाटा कशा जुळतात, त्यावरून अणू लेझरच्या तुलनेत किती सरकला ते कळतं.

अवकाशातच का?

मुख्य फायदा वेळेचा आहे. जमिनीवर एक मीटर उंच डबीत सोडलेला अणू अर्ध्या सेकंदाच्या आतच तळाला लागतो. अवकाशात उपग्रह आणि अणू दोघंही सोबतच 'पडत' असतात, म्हणून अणू डबीत कितीतरी जास्त वेळ तरंगतो. मोजणीचा वेळ दुप्पट झाला की सूक्ष्मता चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट.

उपग्रहासोबत पडणाऱ्या अणूंचा एकच ढग घेतला, तर हवेने उपग्रहाला दिलेला धक्का मोजता येतो. थोड्या अंतरावर दोन ढग ठेवले, तर दोघांवरच्या ओढीतला फरक मिळतो. उपग्रहाची थरथर दोन्ही ढगांच्या मोजणीत सारखीच येते, म्हणून ती वजा होते.

आतापर्यंत काय झालं?

• जानेवारी २०१७: स्वीडनमधून उडालेल्या जर्मन 'मायस-१' रॉकेटवर अवकाशातलं पहिलं बोस-आइन्स्टाइन संघनित तयार झालं. हा पदार्थाचा अतिथंड प्रकार. त्याचा पाया ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये घातला होता.
• २०१८: नासाची 'कोल्ड ॲटम लॅब' आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोहोचली. २०२४ मध्ये तिच्यातल्या अणूंनी स्थानकाची बारीक थरथर टिपल्याचं जाहीर झालं.
• युरोपात 'कॅरिओका' हा पूर्वतयारीचा प्रकल्प सुरू आहे.
• एप्रिल २०२५: नासाने दोन ढगांच्या यंत्राची योजना जाहीर केली. वजन सुमारे १२५ किलो. या दशकाच्या अखेरीस ते अवकाशात पाठवून तपासायचं आहे.

म्हणजे आज पाण्याची नियमित मोजणी जुन्याच पद्धतीने होते. नवं तंत्र अजून परीक्षेच्या टप्प्यावर आहे.

आपल्याकडे काय?

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्यातलं क्वांटम सेन्सरचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. विज्ञान शाखेत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ही वाट माहीत करून घ्यावी.

आणि एक गैरसमज नको. ग्रेससारखे उपग्रह साधारण ३०० किलोमीटर रुंदीच्या प्रदेशाचा हिशेब देतात. आपल्या काळ्या पाषाणात पाणी छोट्या छोट्या भेगांत साठतं, एका शेतात लागतं तर शेजारी नाही. नवे सेन्सर चित्र अधिक स्पष्ट करतील, पण बोअर कुठे मारायची हे सांगणार नाहीत. आपण एकूण किती उपसतोय, हे मात्र ते सांगतील. कमी उपसायचं की नाही, ते आपल्यालाच ठरवावं लागेल.