कान्हेरीची वाट

रविवारीं पहाटे बोरिवली स्टेशनावर उतरावें आणि पूर्वेकडे चालूं लागावें. अर्ध्या तासाच्या आंत राष्ट्रीय उद्यानाचें फाटक येतें. तें उघडण्याची वाट पाहात तेथें एक लहानसा समाज जमलेला असतो. गुडघेदुखीवर उपाय म्हणून चालणारे माझ्यासारखे पेन्शनर, पाठीवर पिशव्या अडकविलेलीं कॉलेजांतलीं मुलें, आणि सायकलींचे शौकीन तरुण. ज्याची स्वतःची सायकल नसेल त्याला ती आंत भाड्यानें घेतां येते. फाटकापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सुमारें सहा किलोमीटरांची डांबरी सडक आहे. शेवटची चढण अशी, कीं सायकलवरून उतरून ती हातानें ढकलीत न्यावी लागली तर कोणी लाज मानूं नये. मीही मानीत नाहीं.

या वाटेनें मी गेलीं चाळीस वर्षें जात आहें. शाळेंत इतिहास शिकवीत होतों तोंवर दर हिवाळ्यांत एखादा वर्ग बरोबर घेऊन येत असें. वर्गांत मुंबईचा इतिहास मी सांगे तो नेहमींचा : सात बेटें, राजकन्येचें आंदण, बंदर, आगगाडी, कापसाचा बाजार आणि गिरण्या. एका सहलींत लेण्यांसमोर बसून आम्ही डबे सोडीत असतां एका मुलानें विचारलें, “सर, एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध हा डोंगर रिकामा कसा राहिला?” मीं म्हटलें, “जंगलखात्याचा आहे म्हणून.” उत्तर खोटें नव्हतें, पण त्यानें प्रश्न सुटला नव्हता. जेथें वीतभर जागेसाठीं माणसें कोर्टकचेऱ्या करतात तेथें एवढा डोंगर जंगलखात्यासाठीं तरी कोणी कां राखून ठेवला? त्या मुलाला जें सांगावयास हवें होतें तें आज मी आपणांपुढें मांडणार आहें. हा डोंगर पाण्यानें राखला.

प्रथम डोंगराची ठेवण पाहूं. साष्टी बेटाच्या पाठीचा कणा असावा तशी ही रांग दक्षिणोत्तर पसरली आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी. सर्वांत उंच माथा साडेचारशे मीटरांहून थोडासाच अधिक. सह्याद्रीपुढें तो कांहींच नव्हे. परंतु समुद्रावरून येणारे ढग या रांगेवर मोकळे होतात. दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्या याच डोंगरांत उगम पावतात. मिठी नदीचाही आरंभ येथेंच. मात्र पाऊस चार महिन्यांचा, आणि पुढचे आठ महिने कोरडे. येथें राहूं पाहणाऱ्या प्रत्येकाला हें कोडें सोडवावें लागलें.

तें प्रथम सोडविलें बौद्ध भिक्षूंनीं. कान्हेरी म्हणजे कान्हगिरि, कृष्णगिरि, काळा डोंगर. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास येथें खोदकामास प्रारंभ झाला, आणि पुढें जवळजवळ हजार वर्षें या स्थळाची वर्दळ चालूं राहिली. लेणीं शंभरांहून अधिक आहेत. येणारा प्रवासी तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहांतील सुमारें सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ति पाहतो, थक्क होतो आणि परत फिरतो. माझी त्याला विनंति अशी, कीं त्यानें आणखी थोडें वर चढावें आणि पायाखालीं पाहावें. कातळावर बोटभर ते वीतभर रुंदीच्या पन्हाळी कोरलेल्या दिसतील. माथ्यावर पडणारें पाणी त्यांतून वळवून लेण्यांच्या दाराशीं खोदलेल्या टांक्यांत उतरविलें आहे. या टांक्यांना तेथील ब्राह्मी लेखांत ‘पोढी’ असा शब्द आहे. एका लेण्याच्या भिक्षूंनीं वर्ष काढावें एवढें पाणी त्याच लेण्याच्या कपाळावरून गोळा करण्याची ही युक्ति होती.

हें सारें कोणाच्या पैशानें झालें तेंही भिंतींवर लिहिलेलें आहे. एका अंगास सोपारा, दुसऱ्या अंगास कल्याण, अशा दोन व्यापारी बंदरांच्या मध्यें हा डोंगर. तेथले व्यापारी, कारागीर, गृहस्थ आणि भिक्षुणी यांनीं दिलेल्या दानांची नोंद लेखांतून सांपडते. कोणी लेणें दिलें, कोणी शेत दिलें. कल्याणच्या एका सोनारानें पाण्याची पोढी दिली. कल्याणच्याच एका लोहारानें दिली ती वाट. होय, नुसती वाट. डोंगर चढून येणाऱ्यांसाठीं. त्या वाटेवरून आलेले कोण, गेलेले कोण, याची दप्तरांत नोंद नाहीं. लोहाराचें दान मात्र कातळावर राहिलें आहे. पुढें चालणाऱ्यासाठीं वाट करून ठेवणें हेंही पुण्यकर्म आहे, अशी त्या काळच्या एका कष्टकऱ्याची समजूत होती एवढें यावरून निश्चित होतें.

वैभवाचे दिवस सरल्यावरही पाहुणे येत राहिले. एका लेण्यांत पहलवी लिपींतील लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ या सालांत कांहीं पारशी मंडळी हीं लेणीं पाहण्यास आली आणि आपलीं नांवें कोरून गेली. भिंतीवर नांव कोरणाऱ्या मुलांचे कान मीं अनेकदां पिळले आहेत. तरी या हजार वर्षांपूर्वींच्या सहलीच्या नोंदीपुढें मी हात जोडतों. त्यानंतर भिक्षु गेले, पन्हाळी मातीनें बुजल्या, आणि डोंगर रानाच्या स्वाधीन झाला. साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ पर्यंत मराठ्यांनीं ती जिंकून घेतली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ती बळकाविली. राज्यें बदललीं, पण डोंगरावर कोणाची नजर वळली नाहीं.

ती वळली मुंबईला तहान लागली तेव्हां. मुंबई बेट चोहों बाजूंनीं पाण्यानें वेढलेलें, पण तें पाणी खारट. विहिरी आणि तळीं यांवर वाढत्या वस्तीचें भागेना. १८४५ सालीं लोकांनीं सरकारपुढें पाण्याचें गाऱ्हाणें मांडलें. पुढच्या दशकांत अवर्षण असें पडलें, कीं बोटींतून पाणी आणण्याची पाळी आली. तेव्हां हेन्री कॉनिबिअर या इंजिनिअरची योजना पुढें आली : साष्टीच्या डोंगरांत मिठी नदीच्या खोऱ्याला बांध घालून तेथून नळानें मुंबईस पाणी आणावें. १८५६ सालीं काम सुरू झालें आणि १८६० सालीं विहार तलावाचें पाणी शहरांत खेळूं लागलें. आरंभीं तें दिवसाला ३२ दशलक्ष लिटर होतें. विहार हें त्या खोऱ्यांतील गांवाचें नांव. आज तें तलावाचेंच नांव म्हणून लोक ओळखतात. शहराच्या पहिल्या घोटाची किंमत कोणीतरी आधीं मोजली होती हें नळाखालीं घागर लावणाऱ्यास कसें ठाऊक असावें?

१८७९ सालीं तुळशी तलावाचें पाणीही स्वतंत्रपणें शहराला मिळूं लागलें. आतां पाहा : तलाव म्हणजे केवळ बांध नव्हे. ज्या उतारावरून पाणी येतें तो उतार मोकळा आणि झाडांनीं झांकलेला नसेल तर तलाव गाळानें भरतो आणि पाणी नासतें. म्हणून तलावाबरोबर त्याचा पाणलोटही राखणें भाग पडलें. आगगाडीच्या दोन्ही अंगांस बोरिवली, मालाड, भांडुप, मुलुंड हीं गांवें वाढून शहर झालीं, तरी मधला डोंगर उघडा पडला नाहीं याचें मूळ कारण हें. स्वातंत्र्यापूर्वीं येथें कृष्णगिरि या नांवाचें सुमारें २० चौरस किलोमीटरांचें उद्यान होतें. १९६९ सालीं भोंवतालचीं राखीव वनें त्याला जोडलीं. त्याचें बोरिवली राष्ट्रीय उद्यान झालें, पुढें त्याला संजय गांधी यांचें नांव मिळालें, आणि आज त्याचा विस्तार सुमारें १०३ चौरस किलोमीटर धरतात. २०१८ च्या पाहणींत या वनांत आणि लगतच्या आरेच्या परिसरांत मिळून ४७ बिबटे मोजले गेले. जें आपण रान म्हणून पाहतों तें एका अर्थीं शहराच्या तहानेचें अपत्य आहे.

श्रोतेहो, येथवरचा इतिहास सुखाचा वाटेल. पण माझ्या मनाला बोंचणारी गोष्ट पुढेंच आहे. १८९२ सालीं तानसा तलावाचें पाणी आलें, नंतर आणखी दूरच्या धरणांचें आलें. आज मुंबईस रोज ३,८०० दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी लागतें. त्यांत विहार आणि तुळशी या दोन्हींचा मिळून वांटा शेंकडा तीनही भरत नाहीं. ज्या कारणानें डोंगर राहिला तें कारणच क्षीण झालें आहे. कारण सुटलें कीं राखणदारीही सैल होते. उद्यानाच्या कडेनें वस्त्या चढल्या, आणि १९९७ सालीं उच्च न्यायालयाला अतिक्रमणें हटविण्याचा आदेश द्यावा लागला. त्यांत ज्यांचीं खोपटीं गेलीं ते बहुतेक हातावर पोट असलेले लोक. त्यांना शहरानें दुसरीकडे जागा दिली असती तर ते डोंगरावर कशाला चढते? वारली आणि कोळी आदिवासींचे पाडे तर उद्यान होण्यापूर्वींपासून येथें आहेत. २०२४ सालीं बोरिवली आणि ठाणें यांना जोडणाऱ्या, याच डोंगराच्या पोटांतून जावयाच्या बोगद्यांच्या कामाचा प्रारंभ झाला.

मग हा डोंगर आतां कोणासाठीं राखावयाचा? मला वाटतें, रविवारीं पहाटे फाटकाशीं उभ्या असणाऱ्या त्या लहानशा समाजावर ही जबाबदारी येऊन पडली आहे. आणि म्हणूनच त्या समाजाला दोन शब्द सांगण्याचा अधिकार, वयामुळें कां होईना, मी घेतों. तरुण मित्रांनो, सायकल सडकेवर खुशाल चालवा. पण आडवाटेनें उतारावर ती घालूं नका. पावसाळ्यांत चाकाची एक चाकोरी पडते, तींतून पाणी वाहतें, दुसऱ्या पावसाळ्यांत तिचा ओहळ होतो, आणि उताराची माती तलावांत जाऊन बसते. वळणाची वाट टाळून सरळ खालीं उतरणारे पायीं चालणारे लोकही तेंच करतात. त्यांनीं सायकलवाल्यांकडे बोट दाखवूं नये. भिक्षूंनीं पाण्याला वाट करून दिली होती ती तें सांठावें म्हणून. आपण तें वाहून जाण्यासाठीं वाटा करून देत आहोंत.

आणि जे कधींच तेथें जात नाहींत त्यांनाही हा डोंगर परका नाहीं. २६ जुलै २००५ या दिवशीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी घराघरांत शिरली. त्या दिवशीं अनेकांना प्रथमच कळलें कीं आपण ज्याला नाला म्हणतों ती नदी आहे, आणि ती डोंगरावरून येते. झाडांनीं झांकलेला उतार पाऊस कांहीं काळ धरून ठेवतो. बोडका उतार तो एकदम खालीं लोटतो. डोंगर आतां आपली तहान फारशी भागवीत नसेल. पण पुराच्या वेळीं तो कसा वागेल हें आपण त्याच्याशीं कसे वागलों यावरच ठरणार आहे.

प्रश्न विचारणारा तो मुलगा आतां पन्नाशीच्या घरांत असेल. कदाचित् आज तो ऐकतही असेल. त्याला माझें सांगणें एवढेंच : बाळ, त्या दिवशीं मीं तुला अर्धें उत्तर दिलें. उरलेलें अर्धें देण्यास उशीर झाला, याबद्दल मला क्षमा कर. एखाद्या रविवारीं आपल्या मुलांना घेऊन कान्हेरीस जा. मोठ्या मूर्ति पाहून झाल्या कीं त्यांना वर ने, पन्हाळीवर बोट फिरवावयास लाव, आणि पोढीपर्यंत पाणी कसें येतें तें दाखव. मग त्यांना त्या लोहाराची गोष्ट सांग.