नदी नसलेल्या शहरातील पूर : बंगळुरूची पावसाळी पूर्वतयारी

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. शहरातून एकही मोठी नदी वाहत नाही. तरीही ४ आणि ५ सप्टेंबर २०२२ दरम्यान २४ तासांत १३१.६ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा बाह्य वर्तुळाकार मार्ग, बेलंदूर आणि यमलूरचा परिसर जलमय झाला. रहिवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्यांतील कर्मचारी ट्रॅक्टरमध्ये बसून कामावर गेले. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला होता. त्या तुलनेत बंगळुरूतील पाऊस किरकोळच म्हणावा लागेल. येथे पावसाच्या आकड्यापेक्षा पाण्याची वाट महत्त्वाची ठरते.

ही वाट तलावांची आहे. शहर एका उंचवट्यावर असल्याने पाणी हेब्बाळ, कोरमंगला-चल्लघट्टा आणि वृषभावती या तीन मुख्य खोऱ्यांतून उतरते. पूर्वेचे पाणी दक्षिण पिनाकिनीला, तर वृषभावतीचे पाणी अर्कावतीला मिळते. या उतारांवर पूर्वी एकाखाली एक तलाव बांधले गेले. वरचा तलाव भरला की पाणी ‘राजकालुवे’ म्हणजेच मोठ्या नाल्यातून खालच्या तलावात जात असे. पुढे अनेक तलाव बुजले. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज मॅजेस्टिकचे बस स्थानक आहे, तर संपंगी तलावाच्या जागी कंठीरवा क्रीडासंकुल. नाले अरुंद झाले, काही ठिकाणी त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. पाण्याचा उतार मात्र पूर्वीचाच राहिला.

त्यामुळे पूर्वतयारीतील पहिला प्रश्न घर नेमके कोठे आहे, हा असतो. बेलंदूर, वर्तूर किंवा होरमावू यांसारख्या सखल भागांत घर घेणाऱ्याने अथवा भाड्याने राहणाऱ्याने जुना गाव नकाशा पाहणे हिताचे ठरते. कर्नाटक सरकारच्या ‘दिशांक’ या मोबाइल ॲपवर जमिनीचा सर्व्हे क्रमांक तपासता येतो आणि तलाव किंवा नाला किती जवळ आहे, हेही समजते. परगावाहून नोकरीसाठी आलेल्यांना ही माहिती सहसा नसते. घरमालक ती आपणहून सांगेलच असे नाही.

शहरात सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे सर्वाधिक पावसाचे महिने असले, तरी मे महिन्यातील वळवाचा पाऊसही तितकाच घातक ठरला आहे. हवामान विभागाच्या परिभाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, तर ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अति मुसळधार पाऊस. बंगळुरूत त्याचा मोठा भाग अनेकदा दोन-तीन तासांतच कोसळतो. म्हणून दिवसभराच्या अंदाजाबरोबरच राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राच्या ‘मेघ संदेश’ या ॲपवरील परिसरनिहाय माहितीही पाहावी.

अलीकडच्या दुर्घटना पाहता जिवाला खरा धोका दोन ठिकाणी दिसतो. पहिले ठिकाण भुयारी रस्ता. २१ मे २०२३ रोजी के. आर. सर्कल येथील भुयारी मार्गात साचलेल्या पाण्यात मोटार अडकून एका तरुणीचा मृत्यू झाला. पाण्याची खोली बाहेरून कळत नाही आणि सुमारे ३० सेंटिमीटर पाणीही लहान मोटार तरंगू लागण्यास पुरेसे असते. अशा मार्गासमोर वाहन थांबवून मागे फिरणे, हाच सुरक्षित पर्याय. वाहन बंद पडल्यास पाणी वाढण्यापूर्वीच बाहेर पडावे.

दुसरे ठिकाण तळघर. मे २०२५ मध्ये बीटीएम लेआउट भागातील एका इमारतीच्या तळघरातील पाणी उपसताना विजेचा धक्का बसून एक ज्येष्ठ नागरिक आणि एका बालकाचा मृत्यू झाला. मुख्य वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तळघरातील पाण्यात कोणीही उतरू नये. मीटर आणि स्विच जमिनीच्या पातळीच्या वर बसवणे हे गृहनिर्माण संस्थेने पावसाळ्यापूर्वीच करून घ्यायचे काम आहे. पावसाचा जोर वाढताच उद्वाहक वरच्या मजल्यावर नेऊन बंद ठेवावा आणि वाहने तळघरातून हलवावीत. पाण्यात बुडालेल्या मोटारीचे इंजिन सुरू करून पाहू नये. त्यामुळे होणारे नुकसान पूरक संरक्षण घेतले नसेल तर विम्यातून अनेकदा भरून मिळत नाही.

पिण्याचे पाणी साठवून ठेवणेही आवश्यक असते. २०२२ मध्ये मंड्या जिल्ह्यातील टी. के. हळ्ळी येथील उदंचन केंद्रात पाणी शिरले आणि अनेक भागांचा कावेरीचा पुरवठा खंडित झाला. बाहेर पूर आणि नळ कोरडा, अशी स्थिती ओढवली. औषधे, ओळखपत्रे, विजेरी, भारित पॉवर बँक आणि दोन-तीन दिवसांचे पाणी वरच्या मजल्यावर ठेवावे. तातडीच्या मदतीसाठी ११२, तर वीजविषयक तक्रारींसाठी १९१२ हे क्रमांक आहेत.

पुराचे पाणी सांडपाण्यात मिसळलेले असते. ते ओसरल्यानंतर जमिनीखालील टाकी पूर्ण उपसून, घासून आणि क्लोरीनने निर्जंतुक करून मगच पुन्हा भरावी. कूपनलिकेत पुराचे पाणी गेले असल्यास तपासणी होईपर्यंत ते पाणी पिण्यासाठी वापरू नये.