बांदिवड्याची दुर्गा, रंगभूमीची ज्योत्स्ना

देवस्थानाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी आपोआप शिलालेख, सनदा, जीर्णोद्धार आणि महाजनांच्या नामावल्या यांच्याकडे वळते. ते योग्यच आहे. परंतु देवालयात गर्भकुडीपुढे चौक असतो आणि चौकापुढे सभामंडप असतो. त्या सभामंडपात पिढ्यान्‌पिढ्या जे सूर उमटले त्यांचाही एक इतिहास आहे. तो दगडावर कोरला गेला नाही, म्हणून तो विस्मृतीत जावा हे उचित नव्हे. गोमंतकातील देवालयांच्या छायेत वाढलेल्या ज्या स्त्रियांनी महाराष्ट्राच्या संगीताला व रंगभूमीला वैभव आणले, त्यांत ज्योत्स्ना भोळे यांचे नाव अग्रभागी आहे.

अंत्रुज महालातील बांदिवडे हे ज्योत्स्नाबाईंचे जन्मगाव. श्रीमहालक्ष्मी आणि श्रीनागेश या दोन जागृत दैवतांमुळे या गावाची कीर्ती फार जुनी आहे. नागेशीच्या देवालयातील शके 1335 मधील, म्हणजे इ. स. 1413 मधील शिलालेखात या देवस्थानांना दिलेल्या दानाची नोंद आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी व बारदेश या महालांत देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भाविकांनी आपली दैवते खाडीपलीकडे आणून याच अंत्रुज महालात त्यांची प्रतिष्ठापना केली. देवांबरोबर कुळावी आले, पुजारी आले, तसेच सेवेकरीही आले. कोणी दिवट्या धरीत, कोणी वाजंत्री वाजवीत, तर कोणी देवापुढे गात व नाचत. अशा रीतीने जेमतेम काही कोसांच्या परिसरात इतकी देवालये आणि त्यांच्याशी निगडित इतकी गायक-वादकांची घराणी एकत्र नांदू लागली की, अंत्रुज ही संगीताची खाणच बनली. मंगेशीच्या दीनानाथांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे.

या गाणाऱ्या घराण्यांतील स्त्रियांचे जीवन मात्र सुखाचे नव्हते. पालखीच्या दिवशी त्यांच्या गाण्यावाचून उत्सवाला शोभा येत नसे, परंतु मंडपाबाहेर पाऊल टाकताच त्यांना मिळणारी वागणूक निराळी असे. मुलीचे देवाशी लग्न लावावे, तिला संसाराचा हक्क नसावा, तिच्या मुलांना वडिलांचे नाव मिळू नये, आणि हे सारे धर्माच्या नावाखाली चालावे, अशी ती रूढी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी राजाराम पैंगीणकर यांच्यासारख्या, याच समाजात जन्मलेल्या सुधारकांनी या रूढीविरुद्ध आवाज उठविला, समाजाला संघटित केले व शिक्षणाची वाट दाखविली. अनेक कुटुंबांनी मुंबईचा रस्ता धरला. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांसारख्या थोर गायिका याच परंपरेतून पुढे आल्या. मोगूबाईंची पहिली पावलेही रंगभूमीवरच पडली होती. गोमंतकातील चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत त्या लहानपणी काम करीत असत.

अशा या वातावरणात 11 मे 1914 रोजी केळेकर कुटुंबात एक कन्या जन्मास आली. तिचे नाव दुर्गा ठेवण्यात आले. तिची थोरली बहीण गिरिजाबाई केळेकर ही उत्तम गायिका होती. घरातच गाणे असल्यामुळे दुर्गेच्या कानावर सूर पडले ते अक्षरांच्याही आधी. पुढे ती मुंबईस आली. तेथे तिला आग्रा घराण्याची तालीम मिळाली. मुंबईतील गोमंतकीय गायिकांवर आग्रा घराण्याच्या उस्तादांचे ऋण फार मोठे आहे. आवाज खुला करणे, लय अंगी मुरविणे आणि बंदिशीतील शब्द स्वरांत बुडू न देणे, हा त्या घराण्याचा धडा दुर्गेला जन्मभर पुरला.

मुंबईतच केशवराव भोळे यांच्याशी तिचा परिचय झाला. केशवराव हे वैद्यकीचा अभ्यास अर्धवट टाकून संगीताच्या नादी लागलेले बुद्धिमान गृहस्थ होते. ‘एकलव्य’ व ‘शुद्धसारंग’ या टोपणनावांनी त्यांनी लिहिलेल्या संगीतसमीक्षेने त्या काळी चांगलीच खळबळ माजविली होती. कवितेतील भाव प्रथम, गायकाचे कौशल्य नंतर, असा त्यांचा दंडक होता व त्यातूनच त्यांनी भावगीताची नवी वाट चोखाळली. 1932 साली दोघांचा विवाह झाला आणि दुर्गा केळेकर ज्योत्स्ना भोळे झाली.

या विवाहाचे महत्त्व केवळ कौटुंबिक नाही. ज्या परंपरेत गाणे आणि संसार या दोन गोष्टी एकमेकींना वर्ज्य मानल्या जात, त्या परंपरेतील एका मुलीने संसार थाटला आणि गाणेही सोडले नाही. त्या काळी दोन प्रकारच्या तडजोडी सर्रास दिसत. कोणी गाण्यासाठी घर सोडी, तर कोणी घरासाठी गाणे सोडी. ज्योत्स्नाबाईंनी या दोन्ही वाटा नाकारल्या.

त्या वेळी मराठी रंगभूमीची अवस्था कशी होती हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील प्रसंगाचे मोल कळते. भाऊराव कोल्हटकरांपासून बालगंधर्वांपर्यंत स्त्रीभूमिका पुरुषांनीच करावयाची प्रथा होती, आणि बालगंधर्वांनी तर त्या प्रथेला सौंदर्याचा कळस चढविला होता. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्या होत्या. हिराबाई बडोदेकरांनी 1929 साली आपली नाट्यशाखा काढून स्त्री-पुरुषांनी एकत्र काम करण्याचा धाडसी प्रयोग केला होता. तरी ‘चांगल्या घरची’ म्हणविणारी स्त्री रंगभूमीवर येत नसे, आणि जी रंगभूमीवर येई तिला चांगल्या घरची म्हणत नसत. त्यातच 1931 साली बोलपट आला. नाट्यगृहे ओस पडू लागली आणि मोठमोठ्या मंडळ्या कर्जाच्या खाईत लोटल्या गेल्या.

अशा समयी 1933 साली मुंबईतील काही सुशिक्षित तरुणांनी ‘नाट्यमन्वंतर’ ही संस्था स्थापन केली. केशवराव भोळे, केशव नारायण काळे, पार्श्वनाथ आळतेकर, अनंत काणेकर, श्रीधर विनायक वर्तक ही मंडळी तीत होती. नॉर्वेचे नाटककार ब्यर्न्सन यांच्या 1883 सालच्या एका नाटकाच्या आधारे वर्तकांनी लिहिलेले ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक 1 जुलै 1933 रोजी रंगमंचावर आले. रंगविलेल्या पडद्यांऐवजी खरीखुरी भासणारी दिवाणखान्याची मांडणी, बोलण्यासारखे संवाद, मोजकीच गाणी व प्रसंगाला पोषक असे पार्श्वसंगीत, हे सारेच प्रेक्षकांना नवे होते. त्याहून नवी गोष्ट म्हणजे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. बिंबाच्या भूमिकेत एकोणीस वर्षांच्या ज्योत्स्ना भोळे होत्या. त्यांच्याबरोबर पद्मावती वर्तकही होत्या. ज्या गाण्यांसाठी प्रेक्षक एरवी दहा दहा ‘वन्समोअर’ घेत, तेथे ज्योत्स्नाबाईंनी पात्राच्या मनातील व्यथा थोडक्या वेळात, संयमाने गाऊन दाखविली.

नाटकाचा विषयही विचारात घेण्याजोगा आहे. लग्नापूर्वी मुलीचे वर्तन निष्कलंक असावे असा आग्रह धरणारा समाज मुलाच्या वर्तनाबद्दल मात्र डोळे मिटून घेतो. पुरुषाला एक नीती आणि स्त्रीला दुसरी, हा न्याय कोणता, असा प्रश्न ब्यर्न्सनने विचारला होता. समाज जाणूनबुजून आंधळा होतो, हे मराठी नाटकाच्या नावातच सुचविले आहे. मुंबईच्या सुखवस्तू प्रेक्षकांना हा प्रश्न वाङ्‌मयीन चर्चेचा वाटला असेल. परंतु तो विचारणाऱ्या नाटकात जी मुलगी उभी होती, तिच्या आजी-पणजींच्या पिढ्यांनी ही दुहेरी नीती चर्चेत नव्हे, प्रत्यक्ष आयुष्यात भोगली होती.

येथे आणखी एका योगायोगाकडे लक्ष वेधते. त्याच 1933 सालच्या मार्च महिन्यात पोर्तुगीज सरकारने देवस्थानांच्या कारभाराविषयीचा 645 क्रमांकाचा कायदा जारी केला. महाजन कोण, त्यांची नोंद कशी करावी, हिशेब कसे ठेवावेत, हे त्याने निश्चित केले. महाजनकी पुरुषपरंपरेने चालू राहिली. देवापुढे ज्यांनी कित्येक पिढ्या गाऊन सेवा केली, त्या स्त्रियांचे नाव नामावलीत येण्याचा प्रश्नच नव्हता. मार्चमध्ये देवस्थानांची वही नव्याने आखली गेली, आणि जुलैत, त्या वहीत जागा नसलेल्या परंपरेतील एक मुलगी मराठी रंगभूमीचा इतिहास बदलणाऱ्या नाटकात उभी राहिली.

‘नाट्यमन्वंतर’ फार काळ टिकली नाही. केशवराव प्रभात फिल्म कंपनीत संगीत-दिग्दर्शक म्हणून गेले. ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ या चित्रपटांचे संगीत त्यांचेच. बोलपटाच्या दुनियेचा ज्योत्स्नाबाईंना असा घरबसल्या परिचय झाला. परंतु त्यांचे मन रमले ते रंगमंचावरच. कॅमेऱ्यासमोरील तुकड्यातुकड्यांच्या कामात समोर प्रेक्षक नसतो, आणि ज्याची परंपरा सभामंडपातील आहे त्याला श्रोता डोळ्यांपुढे लागतो.

त्यांच्या कारकिर्दीचा कळस झाला तो 1942 साली. मोतीराम गजानन रांगणेकर यांच्या ‘नाट्यनिकेतन’ने त्या वर्षी ‘कुलवधू’ हे नाटक रंगभूमीवर आणले. संगीत मास्टर कृष्णरावांचे होते. नायिका भानुमती ही चित्रपटांत काम करणारी नटी आहे. तिची कीर्ती व मिळकत वाढत जाते आणि नवऱ्याचा अहंकार दुखावतो. ज्या घरात आपली प्रतिष्ठा उरली नाही ते नवऱ्याचे घर ती सोडते. इब्सेनची नोरा घराबाहेर पडून अज्ञात जगात जाते, तर भानुमती जाते ती आपल्या सासरी. नटी म्हणून ज्या घराने तिला परके लेखावे, त्याच घरात ती सून म्हणून मान मागते.

ही भूमिका ज्योत्स्नाबाईंनी केली. नाटकातील त्यांची पदे घरोघर पोहोचली, ध्वनिमुद्रिकांवरून गावोगाव वाजली. परंतु केवळ गोड गळ्यामुळे ‘कुलवधू’ अजरामर झाले असे म्हणणे अपुरे ठरेल. नटी ही कुलवधू होऊ शकते काय, हा त्या नाटकाचा प्रश्न होता, आणि रंगमंचावर उभी असलेली स्त्री स्वतः त्या प्रश्नाचे उत्तर होती. दहा वर्षे संसार आणि कला सांभाळलेल्या गृहिणीच्या तोंडून भानुमतीचे शब्द येत, तेव्हा प्रेक्षकांतील सासवा-सुना ते निराळ्या कानांनी ऐकत. मध्यमवर्गीय कुटुंबे मुलीबाळींसह नाटकास येऊ लागली ती या काळात.

पुढे रांगणेकरांच्या ‘एक होता म्हातारा’ (1948), ‘कोणे एके काळी’ आणि मामा वरेरकरांच्या ‘भूमिकन्या सीता’ इत्यादी नाटकांतून त्यांचे गाणे व अभिनय रसिकांनी पाहिला. भावगीतांच्या क्षेत्रातही त्यांचा अधिकार मोठा होता. राजा बढे यांनी लिहिलेले आणि पु. ल. देशपांडे यांनी चाल दिलेले, पाखराकरवी माहेरी निरोप धाडणाऱ्या सासुरवाशिणीचे गीत त्यांनी गायिले. ते ऐकून महाराष्ट्रातील कितीतरी स्त्रियांचे डोळे पाणावले. ज्या परंपरेतील मुलींना सासर आणि माहेर या शब्दांचा अर्थ अनुभवण्याची मुभाच नव्हती, त्या परंपरेतील कन्येच्या कंठातून ते गीत अमर व्हावे, यातही काही ईश्वरी संकेत असावा.

संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. 5 ऑगस्ट 2001 रोजी पुण्यात त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मोगूबाई कुर्डीकरही निवर्तल्या होत्या. पुण्यातील हिराबागेत एका सभागृहाला ज्योत्स्नाबाईंचे नाव देण्यात आले आहे. तेथे नाट्यप्रयोग होतात, मैफली रंगतात. दारावरील नाव वाचून अनेकांना गोमंतकातील एका खेड्याची आठवण होत असेल.

रांगणेकरांची सुटसुटीत, एकाच देखाव्यात घडणारी नाटके गोमंतकातील उत्सवी रंगभूमीलाही मानवली. देवळापुढील मांडवात जत्रेच्या रात्री हौशी मंडळी ती करीत; स्त्रीपार्ट बहुधा पुरुषच करीत. ज्या आवारातून गाणारी मुलगी गाव सोडून गेली, तशाच आवारात तिने गाजविलेली रंगभूमी परत आली. कला अशी फेरा घालून आपल्या उगमाकडे येते. माणसांना मात्र सन्मानाने बोलवावे लागते.

देवस्थानाच्या इतिहासात अग्रशाळा कोणी बांधली, दीपमाळ कोणी उभारली, देवाला सोन्याचा मुखवटा कोणी अर्पण केला, हे अभिमानाने नमूद केले जाते. त्याच पानावर, देवापुढे कोण गात होते, हेही नोंदले गेले पाहिजे. महाजनांच्या घरांतील वडीलधाऱ्यांना अजून काही नावे आठवत असतील. कोणाची ललकारी मोठी होती, कोणाचा अभंग ऐकत पालखी थांबे, हे त्यांनी ऐकले असेल. ती नावे कागदावर उतरविणे हे देवकार्यच होय. ज्योत्स्ना भोळे यांना महाराष्ट्राने मोठे केले आणि त्यांची नोंद इतिहासात झाली. परंतु ज्यांच्या सुरांवर त्यांचा सूर पोसला, त्या अनामिक स्त्रियांची नोंद करण्याचे काम मुंबई-पुण्याचे नव्हे. त्या ज्या मंडपात गायिल्या, तो मंडप ज्यांच्या हाती आहे त्यांचे ते कर्तव्य आहे.