लोखंडी कढई आणि पेरॉक्साइडची बाटली

वराहमिहिर आपल्याला ज्योतिषी म्हणून माहीत असतो. सहाव्या शतकातल्या या उज्जैनच्या माणसाने ‘बृहत्संहिता’ नावाचा जो ग्रंथ लिहिला, त्यात ग्रहताऱ्यांखेरीज पाऊस कधी पडेल, भूकंप का होतो, देऊळ कसं बांधावं, रत्नं कशी पारखावीत अशा वाटेल त्या गोष्टी आहेत. सुगंधी द्रव्यांवरही एक प्रकरण आहे, गंधयुक्ती नावाचं. गंमत अशी, की त्याची सुरुवात सुगंधाने होत नाही. केस काळे करण्यापासून होते. कारणही दिलेलं आहे: डोकं पांढरं असेल तर हार, अत्तर, वस्त्रं, दागिने यांतलं काहीच शोभत नाही. तेव्हा आधी केसांचं बघा.

मग कृती येते. कोद्रवाचे, म्हणजे आपल्या हरकाचे तांदूळ लोखंडाच्या चुऱ्यासह आंबट द्रवात, लोखंडाच्याच भांड्यात शिजवायचे. बारीक वाटून तो लेप डोक्याला लावायचा आणि वरून ओली पानं गुंडाळून बसायचं. दोन प्रहर झाले की तो काढून आवळ्याचा लेप द्यायचा, पुन्हा पानं, पुन्हा दोन प्रहर. एक प्रहर तीन तासांचा, म्हणजे सगळा मिळून बारा तासांचा कार्यक्रम. धुतल्यावर केस काळे. पुढे वराहमिहिर एक फार माणसासारखी सूचना देतो: डोक्याला लोखंडाचा आणि आंबटाचा वास येत असेल, तो सुगंधी तेलाने न्हाऊन घालवा, धूप घ्या आणि मग अंतःपुरात जाऊन राज्यसुख भोगा.

ही कृती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा ती मला ओळखीची वाटली, पण कुठली ते लगेच कळेना. मग लक्षात आलं, की ही शाई आहे. आंबटात लोखंड विरघळतं. आवळ्यात टॅनिन भरपूर असतं. विरघळलेलं लोखंड आणि टॅनिन एकत्र आले आणि हवा लागली की निळसर काळा, न निघणारा रंग तयार होतो. युरोपात शतकानुशतकं ज्या शाईने लिहिलं गेलं ती हिराकस आणि मायफळ यांची. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार आणि मायफळ (हो, बाळगुटीतलंच) म्हणजे टॅनिनचा गोळा. वराहमिहिराने राजाच्या डोक्यावर शाई बनवली, एवढाच फरक.

त्याच्या आगेमागेच्या काळातला कालिदास मात्र पांढऱ्या केसाकडे अगदी वेगळ्या नजरेने बघतो. ‘रघुवंशा’त दशरथाच्या कानाजवळचा केस पिकतो, तेव्हा जणू म्हातारपणच तिथे येऊन रामाला राज्य दे असं कानात सांगतं. जातककथेतला मखादेव राजा न्हाव्याने पहिला पांढरा केस दाखवताच राज्य सोडून निघतो. आपण शाळेत शिकलो ते हे राजे. अंतःपुराकडे निघालेला, डोक्याला आवळा थापलेला राजा कुणी शिकवला नाही. माझ्या मते खरे राजे बहुतेक वराहमिहिराच्या बाजूचे असावेत.

यात आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं वगैरे काही म्हणायचं नाही. केस पिकले की माणूस काहीतरी खटपट करतो, ती जगभर चालूच होती. रोमन लेखक प्लिनीने जळवा शिसाच्या भांड्यात शिरक्यात कुजवून केस काळे करायची कृती नोंदवली आहे. ग्रीक-रोमन काळात चुना आणि शिसाच्या ऑक्साइडचा लेपही लावत. केसातल्या गंधकाशी शिसाचा संयोग होऊन केसाच्या आतच काळे सूक्ष्म स्फटिक तयार होतात, हे २००६ साली फ्रेंच संशोधकांनी दाखवलं. शिसं विषारी, लोखंड-आवळा तसा निरुपद्रवी. बाकी हेतू एकच: होतं ते परत आणणं.

मुळात काळे असलेले केस फिके करणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्यासाठी स्वयंपाकघरात फारसं काही सापडत नाही. मेंदीने ते होत नाही. मेंदीच्या पानातलं लॉसोन केसाच्या प्रथिनाला चिकटतं आणि नारिंगी-तांबूस छटा चढवतं. पांढऱ्या केसावर ती झळकते. काळ्यावर उन्हात उभं राहिलं तर जाणवते. मेंदी रंग घालते, काढत नाही. काळा रंग म्हणजे केसाच्या गाभ्यात बसलेले मेलॅनिनचे कण, आणि ते फिके करायचे तर मोडावेच लागतात. कापडाला रंग देणं आणि कापडाचा रंग उडवणं यात जो फरक, तोच इथे.

उन्हाने तो थोडा उडतो. सोळाव्या शतकातल्या व्हेनिसच्या बायका याच्याच मागे होत्या. चेझारे वेचेल्लिओ याच्या १५९० सालच्या पोशाखांवरच्या पुस्तकात एक चित्र आहे: छपरावर बांधलेल्या लाकडी माचीवर एक बाई भर उन्हात बसली आहे. डोक्यावर गवती टोपी, पण टोपीला माथा नाही, नुसती रुंद कड. मधल्या भोकातून केस वर काढून कडेवर पसरलेले, आणि हातातल्या काडीला लावलेल्या स्पंजाने ती ते कसल्याशा पाण्याने भिजवते आहे. केसांना ऊन हवं, चेहऱ्याला नको. तासन् तास बसून जो सोनेरीपणा येई, तो येई मुळात तपकिरी असलेल्या केसांना. आपल्यासारख्या काळ्या केसांना त्या माचीवर अख्खा उन्हाळा काढूनही विटकरी झाक आली असती, फार तर.

खरी वाट उघडली ती १८१८ साली. लुई जाक थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हायड्रोजन पेरॉक्साइड तयार केलं, आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात लंडनचा एक औषधविक्या आणि पॅरिसचा एक केशकर्तनकार यांनी त्याने केस सोनेरी करून दाखवले. पुढचा सोनेरी भाग सगळ्यांना माहीत आहे. १९३१ च्या ‘प्लॅटिनम ब्लाँड’ चित्रपटातली जीन हार्लो, आणि मग १९५६ पासून अमेरिकेतली ती मिस क्लेरॉलची जाहिरात, जिच्यात शर्ली पॉलिकॉफने विचारलं, की हिने केस रंगवलेत की नाही ते तुम्हाला सांगता येईल का? ती बाटली घरच्या न्हाणीघरासाठी होती. फिकं करणं आणि रंगवणं एकाच पायरीत, आणि शेजारणीला कळणार नाही असं.

आपल्याकडे पेरॉक्साइडची बाटली घरोघर होती, पण जखमेसाठी. गुडघा फुटला की कापसाने लावायची आणि फेस येताना बघत बसायचं. केसांवर ती आली तीही डोक्याच्या नव्हे. चेहऱ्यावरच्या लवेसाठी! लग्नाच्या आधी, सणाच्या आधी, क्रीममध्ये चिमूटभर पूड कालवून ओठांवर आणि गालांवर लावायची, अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरायचे, दहा-पंधरा मिनिटांनी लव सोनेरी. ज्या मध्यमवर्गीय घरांत डोक्याचा एक केस तांबडा दिसला तर चार प्रश्न झाले असते, तिथल्या बायका वर्षानुवर्षं घरात बसून काळे केस फिके करत होत्या. फक्त ते दिसू नयेत म्हणून. ‘ब्लीच केलं’ म्हणताना आपण केस रंगवतो आहोत असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आता काळ्या डायकडे परत येते, कारण पेरॉक्साइडची खरी भेट तिथे आहे. १८५६ साली पर्किनने डांबरापासून जांभळा रंग काढला आणि कृत्रिम रंगांची झुंबड उडाली. त्या झुंबडीत १८६३ साली हॉफमनच्या हाती पॅराफेनिलिनडायमीन हे रसायन लागलं. १८८० च्या दशकात ते पेरॉक्साइडबरोबर केसांना लावण्याची पेटंटं निघाली, आणि १९०७ साली यूजीन शुलर या तरुण रसायनशास्त्रज्ञाने पॅरिसच्या केशकर्तनकारांना स्वतः बनवलेला रंग विकायला सुरुवात केली. दोन वर्षांनी काढलेल्या कंपनीचं नाव त्याने ठेवलं ‘निर्धोक केशरंगांची फ्रेंच कंपनी’. आजचं लॉरिआल ते हेच. नावातच ‘निर्धोक’ घालावं लागलं, यावरून बाकीच्यांची काय कीर्ती असेल ते समजावं.

हे रंग काम कसे करतात? पॅराफेनिलिनडायमीनचे रेणू लहान आणि जवळजवळ बिनरंगी. ते केसाच्या आत शिरतात. पेरॉक्साइड त्यांना एकमेकांशी जोडतं, मोठे रंगीत रेणू बनतात आणि आतच अडकतात. पण पेरॉक्साइड तेवढंच करून थांबत नाही. ते केसाचं स्वतःचं मेलॅनिनही मोडत असतं. म्हणजे दर महिन्याला घरी बसून केस ‘काळे’ करणारे काका आपले उरलेसुरले खरे काळे केस आधी फिके करतात आणि मग त्यावर काळा चढवतात. अमोनियावाल्या क्रीममध्ये हे ठळक घडतं, पाण्यात कालवायच्या पुडीत कमी. डाय उतरू लागला की केस तांबूस दिसतात, त्यात या आतल्या झिजेचाही वाटा असतो.

काळ्याच्या खाली तांबडं असतं, हीच घरी केस फिके करू बघणाऱ्यांची अडचण. मेलॅनिन मोडू लागलं की काळा आधी लालसर तपकिरी होतो, मग तांबडा, नारिंगी आणि अगदी शेवटी पिवळा. खोक्यावरच्या बाईचे केस राखाडी-तपकिरी असतात. आपले नारिंगीवर येऊन थांबतात, कारण तोवर धीर किंवा केस यांपैकी एक संपलेलं असतं. नारिंगी मारायला वरून निळसर आणि पिवळा मारायला जांभळट छटा द्यावी लागते. मला वाटतं, आपल्याकडे एके काळी सगळ्या बायका अचानक ‘बर्गंडी’ झाल्या त्यामागे फॅशनइतकंच हे रसायन होतं. काळ्या केसांतून फारसा त्रास न होता निघणारा रंग तोच.

पॅराफेनिलिनडायमीनचं दुसरं अंग म्हणजे ॲलर्जी. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००६ साली त्याला ‘वर्षातला ॲलर्जीकारक’ ठरवलं होतं. आमच्या शेजारच्या काकूंचे डोळे एका सकाळी सुजून बंद झाले, तेव्हा त्या डॉक्टरांना ठासून सांगत होत्या, “मी डाय लावतच नाही. मेंदी लावते.” पुडीवर ‘काळी मेंदी’ असंच छापलेलं होतं. मेंदीच्या पानात काळा रंग नाही. मेंदी तासाभरात केस काळे करत असेल, तर ती मेंदी नाही. नीळही मिसळतात, पण तिला वेळ लागतो. कानामागे थोडं लावून ४८ तास थांबायची सूचना खोक्यावर बारीक अक्षरांत असते, आणि ती वाचणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी माझी भाची बटा फिक्या करायच्या म्हणून पार्लरमध्ये गेली. तिथल्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, मेंदी लावली होती का? भाचीला तो उगाच वाटला. तो तसा नव्हता. पेरॉक्साइडची गाठ धातूशी पडली तर ते एकदम फुटतं, तापतं, आणि केस तुटतात. काही पुड्यांमध्ये धातूंचे क्षार असतात. आणि आमच्या घरी मेंदी लोखंडी कढईत भिजते. चहाचं पाणी, आवळकाठी, थोडा कात, लिंबू, आणि रात्रभर झाकण. आईच्या आईचीही तीच रीत होती. वराहमिहिराचा राजा या वाटेने आमच्या घरात बसला आहे हे आईला ठाऊक नाही, पण भाचीच्या डोक्याला शाळेपासून दर महिन्याच्या एका रविवारी ती हे लावते.

पार्लरवालीने नाही म्हटल्यावर भाचीने घरी करायचा सामान आणला. मी एवढंच म्हटलं, की आधी एक बट कापून बघू. काचेच्या वाटीत पेरॉक्साइड, थोडा अमोनिया, त्यात बट, आणि खिडकी उघडी. साध्या केसाला संथपणे फिकं होत जायला हवं होतं. वाटीत बारीक बुडबुडे येऊ लागले आणि बाहेरून हात लावला तर काच कोमट. अर्ध्या तासाने बट काढली. मुळाकडचा दोन-तीन बोटं भाग, जिथे मेंदी फारशी चढली नव्हती, नारिंगी झाला होता. त्याच्या खालचा विटकरीच राहिला, आणि ओढला तर रबरासारखा ताणून तुटला.

“आजी, तू मेंदीत लोखंड घालायचीस?” भाचीने विचारलं.

“लोखंड कशाला घालीन? आवळकाठी घालते.”

कढईबद्दल मी समजावून सांगितलं. आईने ऐकून घेतलं, पण तिचा चेहरा उतरला. पोरीच्या केसांना आपल्यामुळे काही झालं की काय, असा. तसं काही नव्हतं, केस उत्तम होते. फक्त त्यांना दुसरी बाटली चालणार नव्हती. भाची म्हणाली, “मग आता मेंदी नको, आजी. नवे येतील ते कोरे येऊ देत.” त्यावर आई थोड्या वेळाने म्हणाली, “आणि रविवारी गं?”

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. कंबरेपर्यंतचे कोरे हवे असतील तर बरीच वर्षं. भाचीने खांद्यापर्यंत कापायचं ठरवलंय, म्हणजे अडीचएक वर्षं. तोवर रविवारी ती आजीला तेल लावायला जाते, आणि कढईत आता एकटीपुरतीच मेंदी भिजते.